पाच सिलिंडरचं रेडियल, खालच्या सिलिंडरमधलं तेल आणि माझी घाई

तापीकाठ (जळगाव), १३ ऑक्टोबर

मंडळी, रामराम.

आधी कबुली देतो, मग प्रश्न विचारतो. काल रविवारी सकाळी साडेसहाला, चार मित्रांच्या देखत, मी माझ्या मॉडेल विमानाच्या पाच सिलिंडरच्या रेडियल (गोलात सिलिंडर लावलेल्या) इंजिनाचा एक कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा, वाकवला. इंजिन ७० सीसीच्या थोडं वर, फोर स्ट्रोक, पेट्रोलवालं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिचा यात काडीचा दोष नाही.

विमान आहे स्टीअरमन, दुपंखी, चौथ्या हिश्शाचं मॉडेल. पंख २.४५ मीटर, वजन तेल-पाण्यासकट १४ किलोला टेकतं. खऱ्या स्टीअरमनला काँटिनेंटलचं सात सिलिंडरचं इंजिन होतं, माझ्याला पाच. काउलच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, तोंडाशी वाकून मोजणारा अजून कोणी भेटला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटचं उडवलं. मग पाऊस. आमची पट्टी म्हणजे मित्राच्या शेताच्या कडेचा पडीक तुकडा, काळी माती. एकदा भिजली की बैलगाडी रुतते, तिथे माझी बोटभर चाकं काय टिकणार? विमान चार महिने गोठ्यामागच्या खोलीत झाकून ठेवलेलं. काल काढलं. प्रोपेलर हाताने दोनदा फिरवला. एका जागी जड लागला. मला वाटलं, थंड इंजिन आहे, कॉम्प्रेशन चांगलं आहे, उलट खूशच झालो. मग थोडा उलटा फिरवला, पुन्हा सुलटा, मोकळा झाला. म्हटलं चला. इलेक्ट्रिक स्टार्टर लावला, इंजिन दोन सेकंद छान भडभडलं आणि ‘टक’. बस, एवढाच आवाज. मोठा धडाका नाही, धूर नाही. बाजूला उभा असलेला मित्र म्हणाला, “काय व्हयनं रे भो?” मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्या पोटात आधीच खड्डा पडला होता.

घरी आणून खालचे दोन प्लग काढले, तीन आणि चार नंबरचे. चारमधून चहाचा चमचाभर काळपट तेल आलं. मग प्लगच्या भोकातून बांबूची काडी घालून पाचही पिस्टन वर आल्यावर किती खोल आहेत ते मोजलं. लोखंडी काही घालू नका, पिस्टनवर ओरखडा पडतो. चार सिलिंडर सारखे. चार नंबरची काडी किंचित जास्त आत जाते. म्हणजे रॉड वाकला, हे उघड आहे.

प्रश्न दोन. वाकलेला रॉड सरळ करून चालेल का? आणि मी नेमकं चुकलो कुठे? हाताने फिरवून बघितलं होतं ना!

---

बार_लावून_बघा (भुसावळ), १३ ऑक्टोबर

तुम्ही हाताने फिरवलंत ते बरोबरच. उलटं फिरवलंत, तिथे घात झाला.

माझी नोकरी इटारसीच्या डिझेल शेडमध्ये गेली, आता भुसावळला घरी बसून नातवांची सायकल दुरुस्त करतो. तिथे इंजिन बरेच दिवस उभं राहिलं की कोणी थेट स्टार्ट करत नसे. सिलिंडरचे कॉक उघडायचे, बार लावून माणसांनी क्रँक फिरवायचा, कुठल्या कॉकमधून पाणी किंवा तेल उडतं का ते बघायचं. उडालं तर त्या दिवशी इंजिन चालू नाही, मग वरून कोणाचाही फोन येवो.

तुमच्या इंजिनात असं झालं. रेडियलमध्ये सिलिंडर गोलात लावलेले, काही वर तोंड करून, काही खाली. क्रँककेसमधलं उरलेलं तेल चार महिन्यांत रिंगांच्या फटीतून झिरपत खालच्या सिलिंडरच्या डोक्याशी जाऊन बसतं. हवा दाबली की दबते, तेल दबत नाही. पिस्टन वर आला की त्याला पुढे जायला जागाच नसते. तुम्हाला जड लागलं ते हे.

आता उलटं फिरवल्यावर काय होतं बघा. कॉम्प्रेशनवर अडलेला पिस्टन उलट फिरवला की आधी खाली येतो आणि मग इनटेकच्या स्ट्रोकमध्ये उलट्या दिशेने वर जातो. त्या वेळी इनटेक व्हॉल्व्ह उघडा. सगळं तेल इनटेकच्या नळीत ढकललं जातं. इंजिन मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण तेल कुठे गेलेलं नाही, नळीत दबा धरून बसलंय. स्टार्ट केलं की पहिल्याच श्वासाला ते परत सिलिंडरमध्ये, आणि आता मागे इंजिनाचा स्वतःचा वेग. तुमचे दोन सेकंद ते हेच.

खऱ्या विमानांच्या रेडियलवरही हाच नियम आहे. अडलं तर खालचा प्लग काढा, निथळू द्या. जोर नाही आणि उलटं नाही.

---

तापीकाठ, १३ ऑक्टोबर

काका, हे वाचून डोक्यावर हात मारला. ‘दबा धरून बसलंय’ हे आता गोठ्यामागच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवतो.

---

कपाशी_आणि_कंटाळा (पाचोरा), १३ ऑक्टोबर

माफ करा, पण एवढा उपद्व्याप कशाला? बॅटरी आणि मोटर लावली की काम झालं. ना तेल, ना रॉड.

---

तापीकाठ, १४ ऑक्टोबर

भाऊ, येत्या हिवाळ्यात एक रविवार पट्टीवर या. पाच सिलिंडर हळू चालत असताना जो आवाज येतो, तो एकदा ऐका आणि मग हाच प्रश्न परत विचारा. मोटर मिक्सरसारखी वाजते. आईने चटणी केली की मला आधीच विमान आठवतं, त्यात आणखी भर नको.

---

पांझरेची_पोरगी (धुळे), १४ ऑक्टोबर

धागा आवडला. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, विमान माझं नाही, भावाचं आहे. त्याचं तीन सिलिंडरचं. पण दुरुस्तीच्या वेळी ‘ताई, ये ना जरा’ अशी हाक येतेच.

पाचच सिलिंडर का, सहा का नाही, हे मला विद्यार्थ्यांनी विचारलं होतं, ते इथे लिहिते. फोर स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. रेडियलमध्ये एक सोडून एक पेटवत जातात. पाच सिलिंडर असतील तर १, ३, ५, २, ४. दोन फेऱ्या पूर्ण होतात आणि सगळ्यांची पाळी येते, दोन ठिणग्यांमध्ये अंतर नेहमी १४४ अंश. सहा सिलिंडर घेतले तर १, ३, ५ झाल्यावर परत १ वरच येतो, २-४-६ उपाशी. म्हणून एका ओळीत आकडा विषम. डकोटा विमानाच्या इंजिनाला १४ सिलिंडर होते ना, असं कोणी म्हणेल. ते सात-सातच्या दोन ओळी आहेत, प्रत्येक ओळ विषमच. आपल्या हवाई दलात वैमानिक ज्या हार्वर्ड विमानावर शिकले, त्याला नऊ.

इग्निशनच्या वायरी लावताना याच क्रमात गडबड होते. भावाने एकदा दोन वायरींची अदलाबदल केली होती. इंजिन कार्ब्युरेटरमधून असं शिंकलं की शेजारच्या शेतातले बगळे उडाले.

---

चोपडा_मोटारवाला (चोपडा), १४ ऑक्टोबर

मी पाणबुडी मोटारी भरतो, रिवाइंडिंगचं काम. विमानं फक्त बघायला येतो. तापीकाठ भाऊ, माझ्या ओळखीचा लेथवाला आहे, रॉड दाखवला तर ईएन-२४ स्टीलमध्ये हुबेहूब करून देईल. दोन दिवसांत. त्या परदेशी पार्टसाठी दोन महिने थांबण्यात काय अर्थ?

---

बार_लावून_बघा, १४ ऑक्टोबर

मोटारवाले भाऊ, लेथवाल्याच्या हातावर शंका नाही. खान्देशात असे कारागीर आहेत की नुसता नमुना बघून गिअर कापतात. पण दोन अडचणी.

रेडियलमध्ये क्रँकला थेट एकच रॉड बसतो, त्याला मास्टर म्हणतात. बाकीचे चार त्याच्या मोठ्या डोक्याला पिनांनी टांगलेले. काउंटरवेट, म्हणजे क्रँकवरचं तोल साधणारं वजन, या सगळ्यांचं वजन धरून काढलेलं असतं. चार हलक्या मिश्रधातूचे आणि एक स्टीलचा, असं केलं तर इंजिन थरथरणार. आज नाही कळणार, महिन्याने काउलचे स्क्रू गळायला लागतील तेव्हा कळेल. दुसरं, पिनेच्या भोकांचं अंतर. तिथे अर्ध्या दशांश मिलिमीटरनेही फरक पडतो.

आणि सरळ करायचं तर मुळीच नाही. एकदा वाकून सरळ केलेल्या रॉडमध्ये चीर कुठे सुरू झाली ते डोळ्यांना दिसत नाही. मिनिटाला सहा हजार फेऱ्या घेताना तुटला तर क्रँककेस फोडूनच बाहेर येतो.

---

चोपडा_मोटारवाला, १४ ऑक्टोबर

पटलं काका. तरी पाचही रॉड करून घेतले तर? वजनं सारखी होतील ना.

---

बार_लावून_बघा, १५ ऑक्टोबर

मग काउंटरवेट बदलावं लागेल. मग तुम्ही इंजिन दुरुस्त करत नाही, नवीन बनवताय. तो धागा वेगळा, तिथे मी पहिल्या बाकावर बसेन.

---

सिंहगड_रोड (मूळ अमळनेर, आता पुणे), १५ ऑक्टोबर

पार्ट मूळ कंपनीचाच मागवा. जे नवीन घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. जपानची सायटो तीन आणि पाच सिलिंडरची ग्लो (मिथेनॉलवर चालणारी) आणि पेट्रोल दोन्ही प्रकारची करते. ओएसच्या सिरियस मालिकेत पाच आणि सात सिलिंडरची ग्लो इंजिनं होती, आता जुनी हाताळलेलीच शोधावी लागतात. हंगेरीची मोकी म्हणजे मोठ्या विमानांची मालकीण, २५० सीसीचं पाच सिलिंडर बघून माणूस गप्प होतो. आणि आपल्याकडच्या कित्येकांना माहीत नसतं, यूएमएसची रेडियल भारतात बनतात.

ग्लो की पेट्रोल यावर वाद घालू नका. ग्लोचं मिथेनॉल विषारी, आपल्याकडे किराणासारखं मिळत नाही, परवान्याची भानगड आहे. शिवाय पाच ग्लो प्लगना विमानातच वीज द्यायची, म्हणजे आणखी एक बॅटरी. पेट्रोल पंपावर मिळतं. विषय संपला.

---

पांझरेची_पोरगी, १५ ऑक्टोबर

विषय संपला म्हणू नका हो दादा, पंपावर जे मिळतं ते नुसतं पेट्रोल राहिलेलं नाही.

मागच्या महिन्यात मी घरी तपासलं. १०० मिलीच्या मोजपात्रात २० मिली पाणी, वर ८० मिली पेट्रोल. बूच लावून हलवलं, मधूनमधून बूच सैल करून वाफ सोडली आणि ठेवून दिलं. गच्चीवर केलं, जवळपास ज्योत नाही, हे वेगळं सांगायला नको. दहा मिनिटांनी तळाचा थर २० वरून ३६ च्या जवळ. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरलं. म्हणजे ८० मध्ये सोळा, वीस टक्के. पंपावर ई-२० लिहिलेलं असतं तेच, नळकांड्यात डोळ्यांनी दिसलं एवढंच.

याचा इंजिनाशी संबंध असा. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने जवळपास पावणेपंधरा पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पट. वीस टक्के मिसळलं की साडेतेराच्या आसपास. कार्ब्युरेटरची सुई, जिने पेट्रोल कमी-जास्त होतं, पूर्वीच्याच जागी ठेवली तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, सिलिंडर तापतो. सुई थोडी उघडावी लागते.

गंमत म्हणजे आपला उन्हाळा नेमका उलटं सांगतो. जळगाव समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्या आसपास. पण मे महिन्यात ४४ अंशांना हवा इतकी विरळ होते, की इंजिनाच्या दृष्टीने ती प्रमाण वातावरणातल्या १३०० मीटरवरच्या हवेसारखी. म्हणजे जवळपास महाबळेश्वरच्या उंचीची. ताकद दहा-बारा टक्क्यांनी उतरते आणि हवा कमी म्हणून मिश्रण आपोआप रिच (पेट्रोल जास्त) होतं, सुई बंद करावीशी वाटते. जानेवारीत धुळ्यात बसवलेली सुई मे महिन्यात जळगावात चालत नाही, ती याचमुळे. भाऊ आता वहीत तारीख, तापमान आणि सुईच्या फेऱ्या लिहितो. मी लिहायला लावलं.

---

केळीचा_घड (रावेर), १५ ऑक्टोबर

मी पेट्रोल पाण्याने धुऊनच वापरतो. इथेनॉल तळाला गेलं की वरचं काढून घ्यायचं. दोन वर्षं झाली.

---

पांझरेची_पोरगी, १६ ऑक्टोबर

दादा, इथेनॉल गेलं की ऑक्टेनही उतरतो, कंपनी पेट्रोल मिसळताना ते धरूनच मिसळते. वर पाण्याचा अंश राहतो तो वेगळा. आणि ते घरी डबाभर धुणं म्हणजे आगीशी खेळ. मी ८० मिली केलं तर आईने तीनदा गच्चीवर येऊन बघितलं.

---

केळीचा_घड, १६ ऑक्टोबर

माझं इंजिन कॉम्प्रेशनला सौम्य आहे, त्याला चालतं. पण आगीचं पटलं. आता घरात नाही, शेतात करतो.

---

गोदाकाठी_बाजीराव (नाशिक), १६ ऑक्टोबर

थंड ठेवण्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. रेडियल काउलमध्ये गेलं की पुढून मोठं तोंड दिसतं आणि वाटतं, हवा भरपूर आहे. हवा भरपूर असते, पण ती दोन सिलिंडरच्या मधल्या मोकळ्या जागेतून सुळकन निघून जाते. पंखे, म्हणजे सिलिंडरवरच्या पात्या, त्यांच्यातून जायला तिला कोण सांगणार? मधली जागा बंद करायची, म्हणजे झक मारत पात्यांमधून जाते. यालाच बॅफल म्हणतात.

मी ते ऑफसेट छपाईच्या जुन्या प्लेटांचे करतो. कुठल्याही प्रेसमध्ये वापरून झालेल्या प्लेटा भंगाराच्या भावात मिळतात. पातळ ॲल्युमिनियम, साध्या कात्रीने कापलं जातं. आधी पुठ्ठ्याचा नमुना करा, मग प्लेट कापा. माझ्या एका बॅफलवर अजून कोणाच्या तरी लग्नपत्रिकेची अर्धी गणपतीची सोंड दिसते.

बाहेर पडायची जागा आत येणाऱ्या जागेपेक्षा मोठी हवी, निदान दुप्पट. तापलेली हवा फुगते, तिला अडवलं की सगळंच अडतं. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, विमान उतरलं की लगेच पाचही डोकी मोजा. आकडा किती आहे यापेक्षा पाचांत फरक किती आहे ते बघा.

---

सातपुड्याचा_वारा (शहादा), १६ ऑक्टोबर

कायद्याचं कोणी बघतं का? १४ किलो म्हणजे खेळणं नाही.

---

तापीकाठ, १७ ऑक्टोबर

बघतो भाऊ. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतचं, छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायचं मॉडेल वेगळं धरलंय. पण विमानतळाजवळचं आकाश सगळ्यांना सारखंच बंद. जळगावला विमानतळ आहे, धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, शिरपूरला आहे. पट्टी निवडताना डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघूनच निवडली. नवीन माणसाने आधी तो बघावा आणि मग जागा शोधावी.

---

मामाचा_लाडका (नंदुरबार), १७ ऑक्टोबर

मला व्हॉल्व्हची भीती वाटते. पाच सिलिंडर म्हणजे दहा व्हॉल्व्ह. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि व्हॉल्व्ह यांच्यातली गॅप किती ठेवायची, इंजिन गरम असताना की थंड?

---

बार_लावून_बघा, १७ ऑक्टोबर

थंड. रात्रभर उभं राहिलेलं इंजिन, सकाळी चहाच्या आधी. तुमच्या पुस्तिकेत दिलेला आकडा पाळा, बहुतेक छोट्या इंजिनांत तो ०.०३ ते ०.१० मिलिमीटरच्या आत असतो. थंडपणी इतका कमी का, तर सिलिंडर ॲल्युमिनियमचा आणि पुशरॉड स्टीलचा. तापल्यावर सिलिंडर जास्त लांबतो आणि गॅप वाढते. गरम असताना ०.०५ ठेवलीत, तर थंड झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसणारच नाही, मग कॉम्प्रेशन गेलं म्हणून ओरडाल.

एकेक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वर आणा, दोन्ही रॉकर हाताला किंचित हलले पाहिजेत. फीलर पट्टी, म्हणजे गॅप मोजायची पातळ पट्टी, सरकताना लोण्यात सुरी फिरल्यासारखी वाटली तर ढिली. कागदावरून कागद ओढल्यासारखी वाटली तर बरोबर. नट आवळताना स्क्रू अर्धा केस फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. दहा व्हॉल्व्हना मला पाऊण तास लागतो. नातवाला टॉर्च धरायला बसवतो, त्याला शाळेपेक्षा हे आवडतं.

---

सिंहगड_रोड, १८ ऑक्टोबर

एक गोष्ट सगळ्यांनी लिहायची सोडली, म्हणून हात जोडून लिहितो. बावीस इंची प्रोपेलर मिनिटाला सहा हजार फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याचं टोक ताशी ६३० किलोमीटरने जात असतं. सुई फिरवताना समोरून हात घालू नका, मागून या. शेपटी खुंटीला बांधा, ‘तू धर रे’ म्हणून कोणा पोराच्या हाती देऊ नका. लाकडी प्रोपेलर असेल तर पहिल्या उड्डाणानंतर बोल्ट पुन्हा तपासा, लाकूड दबतं. माझ्या डाव्या हाताच्या करंगळीला आठ टाके आहेत. कसे पडले ते विचारू नका.

---

तापीकाठ, १४ डिसेंबर

मंडळी, धागा वर काढतोय.

रॉड आला. कुरिअरवाल्याने खोकं दोन आठवडे कुठे तरी फिरवलं, ते असो. काकांना भुसावळहून बोलावलं, ते आले, सोबत स्वतःची हत्यारं जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून. जुना रॉड काढून नव्याशेजारी काचेवर ठेवला. नवा काचेवर सपाट बसला, जुन्याखालून पोस्टकार्ड सरकलं. एवढासाच वाक. माझ्या हातात घेऊन मी सहा वेळा फिरवला तरी डोळ्यांना दिसत नव्हता.

पिस्टन आणि रिंगा ठीक निघाल्या. सिलिंडरला ओरखडा नाही. काका म्हणाले, नशीब स्टार्टर लहान होता.

काल सकाळी स्टँडवर चालवलं. ताजं पेट्रोल, लिटरला ५० मिली तेल. खालचे दोन प्लग काढून हाताने सुलटं वीस वेळा फिरवलं, मग प्लग लावले, मग स्टार्टर. तिसऱ्या झटक्याला पकडलं. पहिल्या दोन टाक्या जास्त गती न देता, जरा रिच ठेवून.

पण एक खोट राहिलीय. हळू चालताना चार नंबर थंड. थर्मामीटरवर बाकीचे चार ९० ते १०० च्या आसपास, हा ६० ला. एक्झॉस्टवर ओल्या बोटाने पाण्याचा थेंब टाकला तर बाकीच्यांवर चर्र करून उडतो, चारवर नुसता बसून राहतो. गंमत अशी की थ्रॉटल पूर्ण दिला की तोही तापतो आणि पाचही सारखे. प्लग बदलला, वायर बदलली, व्हॉल्व्हची गॅप पुन्हा बघितली. फरक नाही.

---

गोदाकाठी_बाजीराव, १४ डिसेंबर

हळू चालताना थंड आणि जोरात ठीक, म्हणजे ठिणगीचा दोष नाही. बाहेरची हवा शिरतेय. थ्रॉटल बंद असताना इनटेक नळीत ओढ जास्त असते, बारीकशा फटीतूनही हवा आत येते आणि त्या एका सिलिंडरचं मिश्रण इतकं लीन होतं की पेटतच नाही. थ्रॉटल उघडला की ओढ कमी, फटीतून येणारी हवा एकूणात नगण्य.

चार नंबरच्या इनटेक नळीच्या दोन्ही टोकांना, रबरी ओ-रिंग असते तिथे, इंजिन हळू चालू असताना जाडसर ग्रीस लावा. काडीच्या टोकावर घेऊन, मागच्या बाजूने, हात प्रोपेलरपासून लांब. आवाज बदलला तर चोर सापडला. पेट्रोल किंवा कुठला स्प्रे मारू नका, तापलेलं इंजिन आहे.

---

पांझरेची_पोरगी, १४ डिसेंबर

आणि रिंग काढलीत तर नखाने दाबून बघा. भावाच्या कार्ब्युरेटरचा पडदा असाच कडक झाला होता, पापडासारखा. इथेनॉलचं पेट्रोल टाकीत महिनोन् महिने ठेवलं होतं. आता तो प्रत्येक रविवारी टाकी रिकामी करतो आणि नळी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवतो, कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत.

---

तापीकाठ, १५ डिसेंबर

बाजीराव, सापडला. वरच्या टोकाला ग्रीस लावलं तर काही नाही. खालच्या टोकाला काडी टेकवली आणि दोन-तीन सेकंदांत आवाज भरला, जणू कोणी गळ्यातला खाकरा काढला. चार नंबर सरसर ९० वर.

रिंग काढली. ताई, पापडच. बोटाने ताणली तर तुटली नाही, पण आतल्या कडेला केसाएवढी चीर उघडली. रॉड बदलताना मीच ती जुनी रिंग परत लावली होती, कारण ती ‘दिसायला बरी’ होती. पाचही नळ्यांच्या दहा रिंगा नवीन मागवल्यात. घरात आता पेट्रोलच्या टाकीवर खडूने तारीख लिहायची पद्धत सुरू केलीय.

---

बार_लावून_बघा, १५ डिसेंबर

दहा नको, वीस मागवा. आणि मी आलो तेव्हा माझी ३ मिलिमीटरची ॲलन की तुमच्याकडे राहिलीय, फडक्यात एक जागा रिकामी दिसते.

---

तापीकाठ, १५ डिसेंबर

आहे काका. टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात. रविवारी पट्टीवर घेऊन येतो, तुम्ही सकाळच्या पॅसेंजरने या.